मुका डबा

बालवाडीच्या फाटकाशी, भिंतीच्या सावलीत, एक तीन पायांचं स्टूल होतं. रोज सकाळी आठला त्यावर बसून डबाआजी चौतीस डबे ऐकत असत. मूल समोर आलं की त्याचा डबा घ्यायचा, कानाशी धरायचा, दोनदा हलवायचा आणि आत काय आहे ते झाकण न उघडता ओळखायचं. फुटाणे खडखड वाजत, शेंगदाणे जरा जाड आवाजात बोलत, मक्याच्या लाह्या नुसत्या कुजबुजत. गाजराचे तुकडे वाजले तर त्या म्हणत, "आत कोणीतरी दार ठोठावतंय." मुलं खिदळत आणि पुढचा डबा कानापर्यंत पोचायच्या आत मागची रांग अंदाज करू लागे.

ही पद्धत त्यांचीच. चाळीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण घरात बसवेना, म्हणून मोठ्या बाईंनी त्यांना खाऊचं खातं देऊन टाकलं. शाळेत फ्रीज नव्हता आणि पत्र्याच्या छपराखाली दप्तरं तापत. फार वर्षांपूर्वी एका वर्गात वाढदिवसाचा क्रीमचा केक चार तास कपाटात राहिला होता आणि संध्याकाळपर्यंत एकोणीस मुलं आजारी पडली होती. ती मुलं आता मोठी माणसं झाली असतील; आजींना मात्र तो केक अजून आठवे. म्हणून त्यांनी पालकांना एक कागद पाठवला आणि तोच शाळेच्या भिंतीवरही लावला: डब्यात कोरडं द्या, स्वस्त द्या, घरचं द्या. भाजलेले चणे, दाणे, लाह्या, बेदाणे, खरपूस भाजलेला पाव, चिरलेलं गाजर, अख्खं केळं. दूध, क्रीम, ओलं, पातळ काही नको. कागदाच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: खाऊ असा असावा की तो विसरला तरी रुसू नये.

हे शेवटचं वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं होतं.

चौतीस झाकणं उघडायला वेळ नव्हता. डब्यांची झाकणं घट्ट, आजींची बोटं संधिवाताने वाकलेली, आणि घंटा व्हायला जेमतेम पंधरा मिनिटं. कोरडं असेल तर वाजणारच, असा साधा हिशेब होता. वाजला की पास. केळं वाजत नसे, पण ते डब्यात मावत नसल्याने दप्तरातून डोकावे आणि त्याला सूट होती.

त्या बुधवारी बिटकीचा डबा वाजला नाही.

बिटकी पाच वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी, म्हणून बिटकी. तिची आई दुसऱ्या गावी रुग्णालयात परिचारिका होती आणि महिन्यातून एकदा येई. मुलगी आजोबांकडे असे. आजोबा शिंपी, घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. आतापर्यंत बिटकी केळंच आणत होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने नवा, गोल, चकचकीत डबा दोन्ही हातांनी पुढे केला. आजींनी हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. मागची रांग कान टवकारून उभी.

आजींनी डबा कानापासून दूर धरला, त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर मुका आहे."

अख्खी रांग हसली. आजींनाही हसू आलं. पोरांना हसवलं की त्यांचे गुडघे दहा मिनिटं दुखत नसत. मग त्यांनी आणखी एक पुस्ती जोडली, "उद्या जरा बोलका आण हं." आणि डबा परत दिला. आत काय आहे हे त्यांनी बघितलं नाही. मागे अजून सोळा जणं उभी होती.

तो दिवस "मुका डबा, मुका डबा" ह्यातच गेला. मुलांना एखादा शब्द सापडला की ती त्याचा पिच्छा सोडत नाहीत. दहाच्या सुट्टीत कोणी बिटकीच्या डब्याला कान लावला, कोणी त्याच्याशी खुणांनी बोललं. आजींनी हे वऱ्हांड्यातून बघितलं होतं. मुलं खेळतायत, म्हणून त्या आत गेल्या.

गुरुवारी बिटकीचा डबा वाजला. नुसता वाजला नाही, खुळखुळ्यासारखा वाजला. आजी खूश. "बघा, बोलायला लागला की," असं म्हणून त्यांनी तिच्या नावापुढे कागदी तारा चिकटवला. फाटकाजवळच्या फळ्यावर तसे तारे चिकटवायची त्यांची रीत होती. दुसऱ्या दिवशी दुसरा, मग तिसरा. सुट्टीत बिटकी कोपऱ्यात बसून, झाकण अर्धं उघडून, त्यावर हात आडवा धरून खाई. एक कण सांडत नसे. आजींनी एकदा सगळ्या वर्गाला ते दाखवलं, "खावं कसं, ते हिच्याकडून शिका." बिटकीचं तोंड हलायचं थांबलं, आणि मग पुन्हा हलू लागलं.

असे अकरा तारे झाले. बाराव्या दिवशी, गाणं चालू असताना, बिटकी ओकली.

तिचं अंग तापलं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, काल काय खाल्लं विचारलं आणि शिळंपाकं पोटात गेलंय, बरेच दिवस जात असावं, असं सांगितलं. आजोबा गळ्यातली टेप काढायचंही विसरून धावत आले आणि तिला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले. दप्तर राहून गेलं.

ते पोचवायला म्हणून आजींनी उचललं. डबा वरच होता. सवयीने त्यांचा हात कानाकडे गेला. डबा वाजला. सुट्टी होऊन तासभर झाला होता आणि डबा भरलेला होता.

त्यांनी झाकण उघडलं. आत गुंड्या होत्या. शर्टाच्या पांढऱ्या, चार भोकांच्या, ब्लाउजच्या बारक्या, एक कोटाची तपकिरी, रुपयाएवढी. दोन मुठी भरतील इतक्या.

दप्तराच्या तळाशी, पाटीच्या मागे, एक चपटा पत्र्याचा डबा होता, टाचण्यांचा असतो तसला, कडेला गंजलेला आणि मशीनच्या तेलाचा वास येणारा. त्यात दुधात कुस्करलेला उकडलेला बटाटा होता. मीठ घातलेला, वर चमच्याने नीट रेघा ओढलेल्या. शेजारी छोटा चमचा.

आजी पोरांच्या बुटक्या बाकावर बसल्या. उलगडायला त्यांना फार वेळ लागला नाही. चाळीस वर्षं मुलांच्याच डोक्याने विचार करून पोट भरलं होतं. आजोबांनी भरलेला खाऊ बोलत नाही. तो टाकवत नाही, कारण आजोबांनी केलाय. मग तो दुसऱ्या डब्यात लपवायचा, ह्या डब्यात बोलणारं काहीतरी भरायचं, सुट्टीत रिकामं तोंड हलवायचं आणि शाळा सुटल्यावर, एकनंतर, कुठल्या तरी पायरीवर बसून आजोबांचा बटाटा संपवायचा. तोवर त्याला सहा तास होऊन गेलेले. अकरा दिवस. प्रत्येक दिवसाला एक तारा.

आणि सुट्टीत पोर उपाशी बसलेली असताना त्यांनी वर्गाला सांगितलं होतं की खावं कसं, ते हिच्याकडून शिका.

मोठ्या बाईंनी हाक मारली तेव्हा आजींनी दोन्ही डबे पटकन आपल्या पिशवीत टाकले. का टाकले, हे त्यांना तेव्हा कळलं नाही. म्हणजे कळलं, पण त्यांनी कळू दिलं नाही.

मोठ्या बाई चिडल्या नव्हत्या, काळजीत होत्या. त्यांनी बिटकीच्या आईला फोन केला होता. म्हातारा माणूस आहे, डोळे कमी झाले असतील, काल उरलेलं आज भरत असेल, असं त्या म्हणाल्या. आई उद्या येतेय. रुग्णालयाच्या वसाहतीत पाळणाघर आहे, तिथे मुलीला घेऊन जायचं म्हणते. एका परीने बरंच झालं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज डबे बघता ना, आजी? तुमच्या कधी लक्षात नाही आलं?"

आजी म्हणाल्या, "मी ऐकते."

एवढंच म्हणाल्या. ते खरं होतं, आणि त्याहून मोठी लबाडी त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती.

त्या घरी आल्या. भाजी आणायला बाहेर पडल्या तर पिशवीतल्या गुंड्या पावलागणिक खुळखुळत होत्या. भाजीवाल्याने थट्टा केली, आजी, पैंजण घातले का. त्या हसल्या नाहीत म्हणून तो बिचारा वरमला आणि त्याने दोन मिरच्या जास्त टाकल्या.

त्या मनाशी वकिली करत राहिल्या. आपण मुद्दाम थोडंच केलं. हसायला तर सगळेच हसले. पोरीने आजोबांना सांगायचं होतं. आजोबांनी कागद वाचायचा होता. कागदात दूध नको असं स्पष्ट लिहिलं होतं. प्रत्येक मुद्दा बरोबर होता आणि एकही घशाखाली उतरत नव्हता.

शनिवारी सकाळी सातला त्यांनी एक बटाटा उकडला. मुलांना काही पटवायचं असलं की त्या करून दाखवत. स्वतःला पटवायचं असतानाही त्यांना दुसरा मार्ग माहीत नव्हता. बटाटा दुधात कुस्करला, मीठ घातलं, बिटकीचा गोल डबा घासून त्यात भरला आणि खिडकीत उन्हाच्या कडेला ठेवला. दहाच्या ठोक्याला चमचाभर खाल्ला. छान होता. मऊ, ताजा, नुकताच केल्यासारखा. दीड वाजता पुन्हा झाकण उघडलं तर आधी वासच आला. तरी त्यांनी चव घेतली. आंबट. जिभेवर जरा फेस आल्यासारखं वाटलं.

म्हणजे म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं. दहाच्या सुट्टीसाठी केलेला खाऊ दहा वाजता उत्तम होता. कागदावरच्या नियमात न बसणारा, पण उत्तम. त्या बुधवारी झाकण उघडून बघितलं असतं, तर "हे दहालाच संपव हं" एवढं सांगून काम भागलं असतं.

रविवारी सकाळी त्या शिंप्याच्या घरी गेल्या.

पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट सदरे, जमिनीवर कापडाच्या चिंध्या. आतल्या खाटेवर बिटकी झोपली होती, ताप उतरला होता. तिची आई मोठ्या पिशवीत तिचे कपडे भरत होती आणि आजोबा एकेका फ्रॉकची शिवण तपासून तिच्या हातात देत होते, गिऱ्हाईकाला द्यावेत तसे. एका फ्रॉकची गुंडी सैल होती. तो त्यांनी बाजूला ठेवला.

"या बाई," ते म्हणाले. "बसा. ह्या पसाऱ्यात बसायचं कुठे, तेच कळत नाही."

आजींनी पोरीची चौकशी केली. आईने दिलेलं पाणी प्यायल्या. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजोबाच सांगू लागले. तोंडात त्यांच्या दात नव्हते, म्हणून शब्द जरा पसरट येत. इतकी वर्षं त्यांनी एक नेम पाळला होता: अंगावर घालून बघितल्याशिवाय कपडा द्यायचा नाही आणि चाखल्याशिवाय पोरीला घास द्यायचा नाही. पोरीने मध्ये फुटाणे मागितले होते. चावता येत नाहीत तर चाखणार कसे, आणि न चाखता देणार कसे, म्हणून दिले नाहीत. बटाटा मात्र रोज सकाळी ताजा उकडून, चाखून दिला.

"मला रोज गोडच लागला हो," ते म्हणाले. "आता जीभच गेली म्हणायची. डोळे गेले तर चष्मा मिळतो. जिभेला काय लावणार? तिची आई म्हणते ते खरं आहे. न्यावं तिने."

आईने पिशवीची चेन ओढली. रडत नव्हती, पण चेन दोनदा अडकली.

आता हे ऐकून घेणं आजींना शक्य नव्हतं. त्यांनी पिशवीतून दोन्ही डबे काढून कापायच्या फळीवर ठेवले आणि गुंड्या पुन्हा भरलेल्या गोल डब्याचं झाकण काढलं. गुंड्या बघून आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आठ दिवस ते त्या कोटाच्या गुंडीला शोधत होते. गिऱ्हाईक रोज खेपा घालत होतं.

"तुमची जीभ ठणठणीत आहे, मास्तर," आजी म्हणाल्या. "चालली ती माझी, नको तिथे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. स्टूल, कान, रांग, मुका हा शब्द, पोरांचं हसणं, आपलं हसणं. तारेही सांगितले, अकराच्या अकरा. शुक्रवारी मोठ्या बाईंसमोर गप्प राहिल्याचं त्यांना गाळता आलं असतं, कारण ते कोणालाच माहीत नव्हतं. तेही सांगितलं. शेवटी बटाट्याचा प्रयोग सांगितला, दहाची चव आणि दीडची चव.

आजोबांनी डब्यातली तपकिरी गुंडी उचलली, सदऱ्याला पुसली आणि खिशात टाकली.

आई बोलली ती हळू आवाजात. आत मुलगी झोपली होती म्हणून, नाहीतर कदाचित ओरडलीही असती. "परवापासून मी माझ्या बापाला काय काय बोलले, ते तुम्हाला माहीत नाही, बाई. तुम्ही शुक्रवारीच सांगितलं असतं तर मी ते बोलले नसते."

"हो," आजी म्हणाल्या.

"आणि माझी मुलगी अकरा दिवस उपाशी बसली, तुमच्या डोळ्यांदेखत."

"हो."

माफ करा म्हणायचं घरून ठरवून आल्या होत्या. पण तो शब्द त्या चिंध्यांच्या पसाऱ्यात ठेवायला जागा दिसेना. आजोबा मध्ये पडतील, जाऊ दे म्हणतील, असं त्यांना क्षणभर वाटलं. ते मात्र सैल गुंडीचा फ्रॉक उचलून सुईत दोरा ओवायला लागले. दोरा दोनदा चुकला. आजींनी हात पुढे केला. त्यांनी सुई दिली नाही. तिसऱ्या खेपेला स्वतःच ओवली.

आतून आवाज आला, "आजोबा, डबाआजीचा आवाज येतोय."

बिटकी दारात येऊन उभी राहिली. फळीवरचे दोन डबे बघितले आणि लगेच आजोबांच्या मागे गेली. आजी खाली जमिनीवर बसल्या, गुडघे करकरले, आणि त्यांनी तिला सांगितलं की मुका डबा असं काही नसतं, ते आजीचं चुकलं, आणि सगळ्या मुलांसमोरही आजी तसंच सांगणार आहे.

बिटकीने विचार केला. मग विचारलं, "तारे काढून घेणार?"

आजींनी त्या फळ्याचा विचारच केला नव्हता. "तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं, कारण उत्तर येत नसलं की त्या वर्गातही हेच विचारत.

"गुंड्यांचे आहेत ते," बिटकी म्हणाली. "काढा."

त्या दिवशी पिशवी भरायची थांबली, एवढं खरं. पण ती रिकामीही झाली नाही. आईने रजा चार दिवस वाढवली आणि मग बघू म्हणाली.

सोमवारी साडेसातलाच आजींनी मोठ्या बाईंना गाठून शुक्रवारचं अर्धवट वाक्य पुरं केलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बिटकीच्या आईला फोन लावला आणि तुमच्या वडिलांबद्दल मी जे बोलले ते परत घेते, असं सांगितलं. आजींकडे मात्र दिवसभर नीट बघितलं नाही. भिंतीवरच्या कागदात आजींनी आपल्या हाताने भर घातली: मऊ खाऊ सकाळी ताजा केलेला असेल तर चालेल, पण दहाच्या सुट्टीतच संपवायचा, उरला तर टाकायचा. खालचं रुसण्याबद्दलचं आवडतं वाक्य त्यांनी खोडलं.

आठला रांग लागली. पहिल्या मुलाने डबा सवयीने त्यांच्या कानाशी नेला. आजींनी तो मांडीवर घेतला आणि झाकण उघडायला लागल्या. बोटं साथ देईनात. रांग चुळबुळली. त्यांनी मग चमच्याच्या टोकाने झाकणं उचकटायला सुरुवात केली, आणि प्रत्येक मुलाला डब्यातलं दाखवून, काय आहे ते त्यालाच सांगायला लावलं. घंटा झाली तेव्हा निम्मी रांग बाहेरच होती. मागे त्या बुधवारी आपण काय बोललो, कोणाला हसलो, ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा मुलं हसली नाहीत, फक्त बघत राहिली. मोठ्या माणसाचं चुकलेलं त्यांना नवीन होतं.

बुधवारी बिटकी आली. आई फाटकाबाहेर थांबली होती, आत आली नाही. बिटकीने तोच गोल डबा आणला होता. आजींच्या हातात द्यायच्या आधी तिने तो स्वतःच्या कानाशी धरला आणि दोनदा हलवून बघितला. काही वाजलं नाही. तिने आईकडे बघितलं, मग आजींकडे.

"मी उघडू का?" आजींनी विचारलं.

तिने डबा दिला नाही, पण स्वतःच्या छातीशी धरून झाकण उघडलं. कुस्करलेला बटाटा, वर चमच्याच्या रेघा. रेघांच्या मधोमध एका चमच्याइतका खड्डा होता, जिथून कोणीतरी आधी चाखून बघितलं होतं.

आजींनी वाकून वास घेतला. वास छान होता. मला एक घास देतेस का, असं विचारावंसं त्यांना फार वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

"दहाला," बिटकी म्हणाली आणि झाकण लावलं.

"दहाला," आजी म्हणाल्या.

दहा वाजता त्या वऱ्हांड्यात उभ्या राहिल्या. बिटकी कोपऱ्यात बसली होती, झाकण पूर्ण उघडं. तिचा चमचा वर जाई, खाली येई आणि प्रत्येक खेपेला भरलेला असे. आजी ते घास मोजत राहिल्या. सोळा झाले. डबा रिकामा झाल्यावर बिटकीने तो उलटा करून दाखवला. कोणाला, ते आजींना कळलं नाही. फाटकाबाहेर तिची आई अजून उभी होती.